म्हणे, रॅकेटच्या वजनाला हात लावू नका!

सांगली-मिरजेच्या टेनिसवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: रॅकेटचं वजन आणि बॅलन्स, म्हणजे तोल, कंपनीनं शास्त्रीय पद्धतीनं ठरवलेलं असतं, त्यात ढवळाढवळ नको. दोन-चार ग्रॅम चिकटवून काही होत नाही, तो मनाचा खेळ आहे. रॅकेट जितकी हलकी तितका फटका जोरदार. जड रॅकेटनं टेनिस एल्बो, म्हणजे कोपराचं दुखणं, होतो. वजन वाढवायला फ्रेमवर चिकटवतात ती शिशाची पट्टी स्पर्धेत चालत नाही. आणि एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट घेतल्या की दोन्ही सारख्याच. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि ‘प्रत्येक खेळाडूपर्यंत पोहोचवा’. पोहोचला. आता उत्तर.

ढवळाढवळ नको म्हणणाऱ्यांनी आपल्या रॅकेटची मूठ बघावी. फ्रेमवर 300 ग्रॅम वजन आणि 32 सेंटीमीटर तोल (बुडापासून जिथं आडवी रॅकेट समतोल राहते ते अंतर) छापलेलं असतं ते बहुतेक वेळा बिनगटाच्या, म्हणजे जाळी न विणलेल्या, रॅकेटचं. गटिंग केलं की साधारण 16 ग्रॅम वाढतात, आणि ते सगळे वरच्या बाजूला. त्यामुळे तोल बुडापासून 33 सेंटीमीटरवर सरकतो. मग एप्रिलच्या घामाला कंटाळून आपण मुठीवर ओव्हरग्रिपची पातळ पट्टी गुंडाळतो. तिचे पाचेक ग्रॅम मुठीत जातात आणि तोल पुन्हा साडेतीन मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. काही जण जुनी न काढताच तिच्यावर दुसरी चढवतात. म्हणजे कंपनीच्या आकड्यात सगळ्यांनीच हात घातलाय, फक्त न मोजता. आणि मोठे खेळाडू दुकानातलीच रॅकेट जशीच्या तशी वापरतात, हाही गैरसमज. पीट सॅम्प्रस आपल्या रॅकेटला शिशाची पट्टी लावून खेळायचा. फेडररच्या नावानं दुकानात आलेली विल्सन आरएफ 97 बिनगटाची 340 ग्रॅमची होती. नवशिक्यानं ती हातात घेऊन बघावी, दुसऱ्या सेटपर्यंत खांदा काय म्हणतो ते कळेल.

‘दोन-चार ग्रॅमनं काय होतं?’ हा मुद्दा मात्र सविस्तर बघायला हवा, कारण सगळी गंमत इथंच आहे. किती ग्रॅम लावले यापेक्षा कुठं लावले ते महत्त्वाचं. रॅकेट हातात धरून तोलणं वेगळं आणि फिरवणं वेगळं. फिरवताना ती किती जड लागते त्या मापाला स्विंगवेट म्हणतात. बुडापासून 10 सेंटीमीटरवर आस धरतात, आणि लावलेलं वजन त्या आसेपासून जितकं लांब त्या अंतराचा वर्ग करून हिशेब होतो. मोठ्या माणसांच्या गट घातलेल्या रॅकेटचं स्विंगवेट साधारण 280 ते 340च्या दरम्यान असतं (हे ग्रॅम नव्हेत, किलो गुणिले सेंटीमीटरचा वर्ग). आता तेच 3 ग्रॅम तीन ठिकाणी लावून बघा. फ्रेमच्या शेंड्याला लावले तर स्विंगवेट 10नं वाढतं. घड्याळात 3 आणि 9 असतात त्या बाजूंना वाटून लावले तर साडेपाचनं. बट कॅपमध्ये, म्हणजे मुठीच्या बुडाच्या टोपणात, घातले तर अर्ध्यानंही नाही. वजनकाट्यावर तिन्ही रॅकेट अगदी सारख्या, खेळायला तीन वेगळ्या.

मिरजेच्या तंतुवाद्यवाल्यांना विचारा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा इकडून तिकडे सरकवला की जवारी, म्हणजे सुराची ती गुंजणारी झंकार, लागते किंवा जाते. त्या धाग्याचं वजन काढायच्या भानगडीत तिथं कुणी पडत नाही.

शेंड्याचं वजन जमिनीवरून जोरात फटके मारणाऱ्याला मानवतं, पण नेटवर रॅकेट उशिरा पोहोचवतं. 3 आणि 9च्या बाजूंचं वजन रॅकेटला हातात गरकन वळू देत नाही. चेंडू मधोमध न लागता कडेला लागला तरी व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधी मारलेला फटका, जाग्यावर जाते. सकाळी डबल्स खेळणाऱ्या पन्नाशीच्या मंडळींना मी पहिल्यांदा हीच जागा सुचवेन: दोन्ही बाजूंना दोन-दोन ग्रॅम, आणि रॅकेटचं डोकं जड वाटलंच तर मुठीत थोडं. 300 ग्रॅमच्या रॅकेटच्या बुडाशी 10 ग्रॅम घातले तर तोल सेंटीमीटरभर खाली येतो, स्विंगवेट मात्र जेमतेम 1नं वाढतं. पाव इंच रुंदीची शिशाची पट्टी असेल तर 10 सेंटीमीटर लांबीला अंदाजे 1 ग्रॅम धरा. एकदम सगळं लावू नका, आठवडाभर खेळा, मग कमी-जास्त करा.

‘हलकी म्हणजे जोरदार’ हे तर्कट बॅडमिंटनवरून आलेलं असावं असा माझा अंदाज आहे. आपल्याकडे ते स्वाभाविकही आहे. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर सुरुवातीला टेनिस खेळत, पण नाव झालं ते बॅडमिंटनमध्ये, आणि गावात हॉलमध्ये खेळणारेच जास्त. पण शटल असतं पाच ग्रॅमच्या आसपास, टेनिसचा चेंडू 56 ते 59.4 ग्रॅम. दहापटीहून जड वस्तू समोरून वेगानं येते, तेव्हा तिला परतवणाऱ्याचं वस्तुमान लागतंच. स्विंगवेट वाढलं की हाताचा वेग घटतो हे खरं, पण त्याच प्रमाणात नाही, बराच कमी. म्हणून पूर्ण ताकदीच्या सर्व्हिसमध्ये फार फरक दिसत नाही. फरक दिसतो तो रिटर्न आणि ब्लॉकमध्ये, जिथं हात फिरवायला वेळच नसतो. शिवाय 260 ग्रॅमच्या पुष्कळ रॅकेट मुद्दाम डोक्याकडे जड बनवलेल्या असतात, त्यामुळे फिरवायला त्या 300 ग्रॅमवाल्यांइतक्याच जड निघू शकतात. ढवळाढवळ नको हे मेसेजचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे: दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या रॅकेटला वजन लावत बसू नये.

टेनिस एल्बोचं उत्तर सरळ एका बाजूला पडत नाही. झेपणार नाही इतकी जड रॅकेट घेतली तर फटका उशिरा बसतो आणि कोपरावर ताण येतो, मान्य. पण फार हलकी आणि ताठ फ्रेम चेंडूच्या धक्क्यानं जास्त हादरते, वळते, आणि ती सावरायला आपण मूठ आवळतो. त्यात पॉलिएस्टरचं गट कडक ताणलेलं असेल तर बघायलाच नको. दुखणं सुरू झालं असेल तर पट्ट्या चिकटवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. मिरज शेजारी असताना डॉक्टरांची वानवा नाही.

स्पर्धेत चालत नाही, हे साफ खोटं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमात फ्रेमवर वजन वाटण्यासाठी काही जोडायला स्पष्ट परवानगी आहे. लांबीला 73.7 सेंटीमीटरची मर्यादा आहे, वजनाला नाही. शिसं विषारी आहे एवढं मात्र खरं. पट्टी हाताळल्यावर साबणानं हात धुवा, वरून साधी टेप लावा, लहान मुलांच्या हाती देऊ नका. नाहीतर टंगस्टनची पट्टी मिळते, महाग पडते.

राहिला जुळ्या रॅकेटचा मुद्दा. एकाच मॉडेलच्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन रॅकेट पाच-सात ग्रॅमनं इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, सराफ कट्ट्यावर जायची गरज नाही. गोल पेन्सिलीवर रॅकेट आडवी तोलून बुडापासून टेपनं अंतर मोजा. समजा, एक निघाली 318 ग्रॅम, तोल 33 सेंटीमीटरवर, आणि दुसरी 323 ग्रॅम, तोल 32.8वर. मग हलकीला 5 ग्रॅम लावायचे. दोन्हींचं वजन गुणिले तोल काढून त्यातला फरक 5नं भागला की जागा येते बुडापासून 20 सेंटीमीटर, म्हणजे ग्रिप संपते तिथं जरा वर. पट्टी तिथं गोल गुंडाळा आणि दोन्ही रॅकेट पुन्हा काट्यावर ठेवा.