खुलासा : अलाइनरचा तो मेसेज चुकीचा आहे

मंडळी, अलाइनर म्हणजे दात सरळ करायला दातांवर घालायचा पारदर्शक प्लास्टिकचा साचा. त्याबद्दल कोल्हापुरात राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत ग्रुपवर फिरतंय : 'घरीच दातांचा ठसा घ्या, महिन्यात दात सरळ, डॉक्टर नको, जेवतानाही अलाइनर काढू नका.' मी दातांचीच डॉक्टर, म्हणून सांगते. अलाइनर एकामागून एक असे अनेक घालावे लागतात. त्यातला एक दात जेमतेम ०.२५ मिलिमीटर सरकवतो, कारण मुळाभोवतीचं हाड विरघळून पुन्हा भरायला वेळ लागतो. त्यामुळे बहुतेकांना कित्येक महिने जातात. आधी तपासणी आणि एक्स-रे हवाच. हिरड्या खराब असताना दात ढकलले तर ते आणखी सैल होतात. दिवसाचे २० ते २२ तास घालायचा, पण जेवताना काढायचाच. तांबड्या रश्शाने तो रंगतो, गरम चहाने आकार बिघडू शकतो. (पांढऱ्या रश्शालाही सूट नाही!) तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका.