मेनूतले वजन

दादर स्थानकावर काही वर्षांपूर्वीपर्यंत एकाच क्रमांकाचे दोन-दोन फलाट होते. पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंनी आपापल्या हद्दीपुरती मोजणी केली होती, त्यामुळे नवख्या प्रवाशाने आपण कोणाच्या हद्दीत उभे आहोत हे आधी ओळखायचे आणि मग फलाट शोधायचा, असा सारा मामला होता. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक दिले गेले आणि तो गोंधळ मिटला. रूळ होते तिथेच राहिले, बदलल्या त्या पाट्या.

मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या संकेतस्थळाचा मेनू सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले (नाव मुद्दाम लिहीत नाही), तेव्हा मला तिथे जुने दादरच दिसले. मुख्य पट्टीतल्या नोंदी प्रशासन, प्राधिकरणे, विभाग, कक्ष अशा, म्हणजे कार्यालयातल्या खुर्च्यांच्या क्रमाने लावलेल्या होत्या. विरार लोकलमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून उभ्या असलेल्या मुलीला ‘मायग्रेशन’, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी लागणारे स्थलांतर प्रमाणपत्र हवे असते. तो कागद कोणता विभाग देतो, हे तिला ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही. आमच्याकडे मात्र ते ठाऊक असल्याशिवाय पहिली टिचकीसुद्धा मारता येत नव्हती.

ड्रुपल या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीत मेनूतल्या प्रत्येक दुव्याला ‘वजन’ नावाचा एक आकडा देतात. ज्याचे वजन कमी तो दुवा वर तरंगतो, जड दुवा तळाला जातो. कार्यालयातला नियम नेमका उलटा असल्यामुळे ज्या विभागाचे वजन अधिक, त्याचा दुवा सर्वांत हलका करून द्यावा लागतो. एखाद्या कक्षाचे उद्घाटन झाले की दुसऱ्या दिवशी फोन येतो, ‘आमचे नाव मुखपृष्ठावर, वरच्या पट्टीत हवे.’ नाही म्हणण्याचा अधिकार संगणक विभागातल्या कनिष्ठ माणसाला नसतो, म्हणून नोंद वाढते. काढण्याचा अधिकार तर कोणालाच नसतो. माझ्या मते मूळ दुखणे तंत्रज्ञानाचे नसून हेच आहे. मेनू हे संपादनाचे काम आहे आणि त्याला नकार देऊ शकणारा एक संपादक लागतो.

विभागांच्या बाजूनेही एक खरी अडचण आहे आणि ती मला मान्य आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाला १७ प्रकारची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी लागते, उच्चशिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे अहवाल ठेवावे लागतात, रॅगिंगविरोधी व्यवस्थेची माहिती द्यावी लागते. हे सगळे सहज सापडलेच पाहिजे. परंतु माहिती अधिकाराचा कायदा माहिती प्रसिद्ध करायला सांगतो, मुख्य पट्टीत टांगायला सांगत नाही. तळपट्टीत एक ठळक दुवा आणि त्यामागे नीट लावलेले एक पान एवढ्यावर ते भागते. रॅगिंगच्या तक्रारीचा दुवा मात्र मी वरच ठेवीन, कारण घाबरलेल्या मुलाला तळापर्यंत जायला लावणे बरे नव्हे.

एकदा एका विभागाचा दुवा पट्टीतून काढल्यावर ‘आमचे पान उडवले’ अशी लेखी तक्रार आली. पान जागेवरच होते आणि पत्ताही तोच होता. मेनूतला दुवा पुसल्याने पान पुसले जात नाही, हे समजावण्यात एक दुपार गेली. खरा धोका निराळाच आहे: मेनूची फेररचना करताना उत्साहाच्या भरात पानाचा पत्ताच बदलला आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवण्याची सोय केली नाही, तर छापील माहितीपुस्तिकेतले आणि जुन्या परिपत्रकांतले दुवे एका रात्रीत मरतात. त्याची तक्रार आमच्यापर्यंत येत नाही, ती खिडकीवरच्या रांगेत उभी राहते.

नावे ठरवताना आम्ही संकेतस्थळावरच्या शोधचौकटीत लोक काय लिहितात ते पाहिले. ‘रिझल्ट’, ‘एटीकेटी’, ‘हॉल तिकीट’ हे शब्द तिथे होते. ‘मूल्यमापन’ शोधणारा कोणी सापडला नाही. मग चिठ्ठ्यांवर एकेका पानाचे नाव लिहून त्या कँटीनच्या टेबलावर पसरल्या आणि मुलांना त्यांचे गठ्ठे करायला सांगितले. त्यांनी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी, पुनर्मूल्यांकन आणि गुणपत्रिका एकत्र ठेवल्या. आमच्याकडे त्या तीन निरनिराळ्या ठिकाणी होत्या. मराठी मेनूची स्थिती याहून वाईट होती: वरच्या ओळीचे भाषांतर झालेले आणि आत टिचकी मारली की इंग्रजी पान. निम्म्या वाटेवर सोडणारा असा मराठी मेनू ठेवण्यापेक्षा दहाच पाने पूर्ण मराठीत करून तेवढीच दाखवावीत, असे माझे मत आहे.

सध्या आम्ही एक नियम लावून पाहत आहोत. मुख्य पट्टीत नवी नोंद हवी असेल, तर तिच्या जागी कोणती काढायची हे मागणाऱ्यानेच अर्जात लिहायचे. आतापर्यंत आलेल्या प्रत्येक अर्जात काढायची म्हणून सुचवलेली नोंद शेजारच्या विभागाची आहे.