दाभाडे खरंच फितूर होते का?

परवा आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी बाजीरावांवर पोस्ट टाकली आणि मराठ्यांचे सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांना सरळ ‘फितूर’ म्हणून मोकळं झालं. निदान बडोदेकरांनी तरी असं बोलू नये. डभोई इथून तासाभरावर. हिरा भागोळीपुढे आपण सगळ्यांनी फोटो काढलेत. पण १ एप्रिल १७३१ ला त्याच डभोईजवळ मराठ्यांचा पेशवा आणि मराठ्यांचाच सेनापती लढले, आणि हत्तीवर बसलेले त्र्यंबकराव गोळी लागून पडले, हे कुणी सांगत नाही.

माझ्या मते खरा दोष साताऱ्याचा, म्हणजे शाहू महाराजांच्या दरबाराचा. गुजरातेत मुलूखगिरी करून पाय रोवले ते त्र्यंबकरावांचे वडील खंडेराव दाभाड्यांनी (आपल्या खंडेराव मार्केटचे ते हे नव्हेत हं, ते गायकवाड!) आणि त्यांच्या हाताखालच्या पिलाजीराव गायकवाडांनी. १७२९ ला खंडेराव गेले, सेनापतीची वस्त्रं मुलाला मिळाली, आणि तेवढ्यात पेशव्यांनी गुजरातचा मुघल सुभेदार सरबुलंदखान याच्याशी परभारे करार करून चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) आपल्याकडे वळवली. पुढे तर नव्या सुभेदाराच्या, अभयसिंहाच्या बाजूने बाजीरावांनी पिलाजींच्या ताब्यातल्या बडोद्यालाच वेढा घातला! त्र्यंबकरावांनी निझामाशी संधान बांधलं, ते वाईटच. पण निझामाचं नाव निघालं की आपल्याकडे पुढचं कुणी ऐकतच नाही. तो माणूस तिथवर का गेला, हे विचारायचंच नाही का?

शाहू महाराजांना तर ठेच आधीच लागली होती. १७११ ला सेनापती चंद्रसेन जाधव आणि बाळाजी विश्वनाथ (बाजीरावांचे वडील, पुढे पेशवे झाले) यांचं शिकारीवरून बिनसलं. महाराजांनी बाळाजींना पाठीशी घातलं, चंद्रसेन आधी महाराजांच्या विरोधातल्या काकू ताराबाईंकडे गेले आणि मग निझामाकडे. वीस वर्षांनी पुन्हा तेच, सेनापती विरुद्ध पेशवा. महाराज समजूत घालत राहिले, पण ‘हा मुलूख तुझा, तो त्याचा’ असं ठणकावून वेळेवर सांगितलं नाही.

लढाईनंतर मात्र ते वागले ते मोठ्या मनाने. स्वतः त्र्यंबकरावांच्या आई उमाबाईंची समजूत काढली. बाजीरावांना बाईंच्या पायावर घालून, हातात तलवार देऊन ‘सूड घ्या’ म्हणाले, अशी आख्यायिका आहे. खरंखोटं देव जाणे, पण महाराजांच्या स्वभावाला ते शोभतं. सेनापतिपद त्र्यंबकरावांचे धाकटे भाऊ यशवंतराव यांना दिलं. पेशव्यांच्या विरुद्ध लढून जखमी झालेल्या, त्याच रणात मुलगा गमावलेल्या पिलाजींनाही शिक्षा नाही. उलट ‘सेनाखासखेल’ किताब आणि सेनापतीची मुतालकी, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार!

मान दाभाड्यांच्या तळेगावला राहिला, फौज आणि वसुली गायकवाडांकडे आली. १७३२ ला डाकोरला पिलाजींचा खून झाला, तरी दोनच वर्षांत, त्यांचे पुत्र दमाजीराव यांच्या काळात, बडोदं पुन्हा गायकवाडांकडे आलं. दुखणं मात्र तसंच राहिलं. १७४९ ला शाहू महाराज गेले आणि १७५१ ला हेच दमाजी ताराबाईंच्या हाकेला धावून पेशव्यांवर चालून गेले. बाजीरावांचे पुत्र नानासाहेब पेशव्यांनी त्यांना कैद केलं. सुटका झाली ती अर्धा गुजरात पेशव्यांना लिहून दिल्यावरच.