बॉक्सिंग टीव्हीवर येतं ते कोणाच्या पैशाने?

१३ सप्टेंबर २०२५ ला झालेली कनेलो अल्वारेझ विरुद्ध टेरेन्स क्रॉफर्ड ही लढत नेटफ्लिक्सवर वेगळे पैसे न भरता बघायला मिळाली, तेव्हापासून माझ्या ओळखीतले बॉक्सिंगवेडे खुशीत आहेत. आता हा खेळ पुन्हा सगळ्यांचा होणार, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते मनापासून हवंय. पण सामना फुकट दिसला की पैसे भरून, यापेक्षा मला दुसराच प्रश्न मोठा वाटतो. पडद्यामागे पैसे कोणी कोणाला दिले? चॅनेलने प्रमोटरला, म्हणजे सामने भरवणाऱ्याला, की प्रमोटरने चॅनेलला? अमेरिकेत बॉक्सिंगचं टीव्हीवरचं नशीब वर्षानुवर्षं याच गोष्टीवर फिरत आलंय, असं माझं ठाम मत आहे.

७ मार्च २०१५ ची रात्र घ्या. लास व्हेगासचं एमजीएम ग्रँड, एनबीसी वाहिनी, शनिवारचा प्राइमटाइम. एनबीसीवर या वेळेला बॉक्सिंग जवळजवळ तीस वर्षांनी येत होतं. सूत्रसंचालनाला अल मायकल्स, समालोचनाला मार्व्ह अल्बर्ट, शेजारी शुगर रे लेनर्ड. संगीत हान्स झिमरचं. बॉक्सरच्या मागेपुढे गर्दी नाही, एकेकटा माणूस मोठ्या स्क्रीनखालून चालत रिंगकडे येतोय. मुख्य लढत कीथ थर्मन विरुद्ध रॉबर्ट गरेरो. तिसऱ्या फेरीत डोकं आपटून थर्मनच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. नवव्या फेरीत गरेरो खाली पडला, उठला आणि अंगावर चालून गेला, तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं होतं. थर्मन गुणांवर जिंकला. तीस लाखांहून जास्त लोकांनी ती रात्र बघितली. असं बॉक्सिंग दर महिन्याला बघायला मिळालं तर नवीन पिढी या खेळाकडे वळणारच, यात मला शंका नव्हती.

पण ही सगळी उभारणी अल हेमन नावाच्या बॉक्सिंग मॅनेजरने केली होती, आणि एनबीसीने त्याला सामन्यांचे पैसे दिले नव्हते. उलट त्यानेच एनबीसीकडून वेळ विकत घेतली होती. वीस कार्यक्रमांसाठी सुमारे दोन कोटी डॉलर, असे आकडे तेव्हा बातम्यांत आले. सीबीएससारख्या इतर वाहिन्यांवरही त्याने असेच स्लॉट घेतले. मागे गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर होते. हिशेब असा, की आधी स्वतःच्या खिशातून सवय लावायची आणि मग वाहिन्या आपण होऊन पैसे देतील.

मी काही वर्षं आपल्याकडच्या एका वाहिनीच्या जाहिरात विभागात काम केलंय. विकलेल्या स्लॉटचं तिथे काय होतं ते जवळून पाहिलंय. आमच्या पैशाने बनलेल्या मालिकेचं रेटिंग पाव टक्क्याने घसरलं तरी सोमवारी सकाळी मीटिंग लागायची, लेखकाला बोलावणं जायचं, प्रोमो बदलायचे. विकत घेतलेल्या अर्ध्या तासात काय चाललंय, हे मात्र कोणी वर मान करून बघायचं नाही. पैसे आगाऊ जमा झाले की विषय संपला. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. ज्यात आपला पैसा नाही त्यात जीव गुंतत नाही, एवढंच.

हेमनच्या बाबतीत नेमकं हेच झालं. प्रतिस्पर्धी तगडा हवा, असं त्याला ठणकावून सांगणारं वाहिनीत कोणी नव्हतं. त्याचे बॉक्सर त्याच्याच दुसऱ्या बॉक्सरांशी लढणार, आणि त्यातल्या लाडक्यांना जपून उतरवलं जाणार. पुष्कळ रात्री निकाल आधीच ठाऊक असलेल्या एकतर्फी लढती आल्या. जून २०१६ मध्ये सीबीएसवर थर्मन–पोर्टर झाली, मार्च २०१७ मध्ये थर्मन–डॅनी गार्सिया झाली. दोन्ही चांगल्या, लोकांनी बघितल्याही. पण तोवर मधल्या फिक्या शनिवारांनी प्रेक्षक पांगला होता.

आता मागे जाऊ. १९५० च्या दशकात बॉक्सिंग हा अमेरिकन टीव्हीचा कणा होता. जिलेट कंपनीचा शुक्रवार एनबीसीवर, पॅब्स्ट बिअरचा बुधवार सीबीएसवर. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती. जाहिरातदाराला याहून सोयीचा खेळ कोणी बनवला असता? त्या काळाबद्दल लोक फार हळवे होऊन बोलतात. मी नाही बोलत. सामन्यांची सूत्रं जेम्स नॉरिसच्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबकडे होती आणि त्याच्या आड फ्रँकी कार्बोसारखा गुंड. १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने या मक्तेदारीविरुद्धचा निकाल कायम केला आणि १९६१ मध्ये कार्बोला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. शिवाय घरबसल्या फुकट सामने दिसायला लागल्यावर गल्लीतल्या छोट्या क्लबांची तिकिटं कोण काढणार? जिथे पोरं घडायची ते क्लबच बंद पडत गेले. न्यूयॉर्कचं सेंट निकोलस अरेना १९६२ मध्ये बंद झालं.

चक डेव्ही हे त्या काळाचं बोलकं उदाहरण. कॉलेजात शिकलेला, देखणा, डावखुरा. टीव्हीने त्याला घराघरात पोचवलं. एकही पराभव नावावर नसताना फेब्रुवारी १९५३ मध्ये शिकागोत त्याला जगज्जेत्या किड गॅव्हिलानसमोर उभं केलं. गॅव्हिलानने त्याला पुन्हा पुन्हा खाली पाडलं आणि दहाव्या फेरीसाठी डेव्ही बाहेरच आला नाही. त्याला लोकप्रिय करणाऱ्यांनी त्याला तयार केलं नव्हतं. जाहिरातदाराला चेहरा हवा असतो. तो चेहरा मार खाऊ लागला की त्याच्या मदतीला कोणी येत नाही.

२४ मार्च १९६२ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून एबीसीवर थेट प्रक्षेपण चालू असताना एमिल ग्रिफिथने बेनी पॅरेटला बाराव्या फेरीत कोपऱ्यात गाठलं. पॅरेट दोरांना अडकलेला, हात खाली, तरी ठोसे थांबेनात. दहा दिवसांनी तो गेला. १९६४ मध्ये एबीसीचा साप्ताहिक कार्यक्रम बंद झाला. नोव्हेंबर १९८२ मध्ये सीबीएसवर रे मॅन्सिनीशी लढलेला कोरियाचा किम ड्यूक-कूही असाच गेला, आणि त्यानंतर डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेने आपल्या जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. दिवाणखान्यात माणूस मरताना दिसला की जाहिरातदार बिचकतो. मला त्यात गैर वाटत नाही. मात्र त्या नजरेमुळेच नियम बदलले, हेही विसरू नये.

या दोन मृत्यूंच्या मधला काळ मला सगळ्यात आवडतो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमधली लेनर्ड, स्पिंक्स बंधू ही पोरं वाहिन्यांनी पैसे मोजून पडद्यावर आणली. १९७७ मध्ये एबीसीने प्रमोटर डॉन किंगच्या स्पर्धेत पंधरा लाख डॉलर घातले. स्पर्धेसाठी आधार धरलेल्या रिंग या बॉक्सिंग मासिकाच्या नोंदीत काही बॉक्सरांचे खोटे विजय घुसवलेले निघाले. एबीसीतल्याच अ‍ॅलेक्स वॉलाव नावाच्या कर्मचाऱ्याने हे आधीच खणून काढलं होतं. त्याचं लगेच ऐकलं गेलं नाही, तरी अखेर एबीसीने ती स्पर्धा मध्येच थांबवली. पैसा आणि नाव दोन्ही वाहिनीचं होतं, म्हणून आतला एक माणूस रेकॉर्ड तपासत बसला होता. २०१५ च्या व्यवस्थेत अशा माणसाला जागाच नव्हती.

फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांपैकी हेमनला पैसे देणारी मिळाली ती २०१८ मध्ये, फॉक्स. पण २०१९ पासून स्पेन्स–मायकी गार्सिया, स्पेन्स–पोर्टर अशा मोठ्या लढती फॉक्सनेच पे-पर-व्ह्यूवर, म्हणजे सामन्यागणिक वेगळे पैसे घेऊन, विकल्या. फुकटच्या चॅनेलवर उरल्या त्या दुय्यम. २०२२ च्या अखेरीस तेही संपलं.

आपल्याकडे ५ ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतीअलीला हरवलं. गर्दी होती, उत्साह होता. दर महिन्याचा ठरलेला वार काही त्यातून उभा राहिला नाही. भिवानी, इंफाळची पोरं राष्ट्रकुलची पदकं आणतात आणि मग सरकारी नोकरीची वाट धरतात. त्यांना मी दोष देणार नाही.

म्हणून नेटफ्लिक्सच्या बातमीने मी अजून हुरळलेलो नाही. कनेलो–क्रॉफर्डमागे रियाध सीझनचा, म्हणजे सौदीचा पैसा होता. तो उद्या दुसरीकडे वळला तर? नेटफ्लिक्सने एखाद्या साध्या शनिवारी, कनेलो नसताना, क्रमवारीतल्या चौथ्या-पाचव्या नंबरच्या दोन मिडलवेट, म्हणजे मधल्या वजनगटातल्या, पोरांची दहा फेऱ्यांची लढत स्वतःच्या खिशातून विकत घ्यावी. प्रतिस्पर्धी नाकारायचा हक्क करारात लिहून घ्यावा. रेकॉर्ड तपासायला आपला माणूस ठेवावा. असं वर्षभर चालू राहिलं, तर या खेळाचं टीव्हीवर पुन्हा बस्तान बसेल, असं मी छातीठोकपणे सांगेन. तुमच्यापैकी कोणी वाहिनीत किंवा जाहिरातीत असाल, तर असा करार आपल्या पोरांसाठी भारतात का होऊ शकत नाही, यावर खाली जरूर लिहा.