फ्रेशर हवा, पण दोन वर्षांच्या अनुभवाचा!

काल रात्री पुन्हा तशीच एक जाहिरात दिसली. वर ठळक अक्षरांत 'फ्रेशर्सनी अर्ज करावेत' आणि खाली अटींमध्ये 'किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक'. अहो, ज्याच्याकडे दोन वर्षांचा अनुभव आहे तो फ्रेशर कसा? आठ महिने मी हेच वाचतेय. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, आणि दोष मात्र आमचाच. डोकं फिरायची वेळ आलीय!

बरं, मी कधी कामच केलं नाही असंही नाही. कॉलेज करता करता दोन वर्षं रोज संध्याकाळी एका दुकानात काउंटरवर उभी राहिलेय. पहिल्याच महिन्यात हिशेब चुकला, गल्ला जुळेना, तेव्हा दुकान बंद झाल्यावर बसून एकेक पावती तपासली. चिडलेल्या गिऱ्हाइकापुढे आवाज न चढवता कसं बोलायचं, दोघांचं काम एकटीवर पडलं तर आधी कशाला हात घालायचा, आपली चूक लपवायच्या आधी कबूल कशी करायची, हे मला कुठल्याही वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. मुलाखतीत हे सांगायला लागले तर समोरचे साहेब म्हणाले, "हे आम्ही अनुभवात धरत नाही." आणि पान उलटलं. दोन वर्षं एका वाक्यात संपली. घरी येऊन रडले मी त्या दिवशी, रागानेच.

आणि घरी-दारी सगळे सांगतात, मिळेल ते काम कर, काम कुठलंही छोटं नसतं. मग ते केलं की त्याला किंमत का नाही?

दुसरी वाट म्हणजे बिनपगारी इंटर्नशिप. सहा महिने पूर्णवेळ राबा, मोबदल्यात प्रमाणपत्र. ज्याच्या घरी कुणीतरी पोसणारं आहे त्यालाच हे परवडतं. बाकीच्यांनी काय करायचं? कामाचं मोल असेल तर पगार द्या, नसेल तर करून घेऊ नका.

ही एकट्या माझी रडकथा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2023 मध्ये जगभर 15 ते 24 वयाचे 6 कोटी 49 लाख तरुण बेरोजगार होते, दर 13 टक्के. पंधरा वर्षांतला हा सगळ्यात कमी आकडा म्हणे! शिक्षणात नाहीत, नोकरीत नाहीत, कुठल्या प्रशिक्षणातही नाहीत असे तरुण पाचातले एक, आणि त्यांच्यात तीनातल्या दोन मुली. सुरुवात चुकली की ती पुढे भरून येते असंही नाही. मंदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांचा कॅनडात अभ्यास झाला, तर त्यांच्या पगारावरचा फटका ओसरायला जवळपास दहा वर्षं लागली. आमची ही वर्षं कुणी परत देणार आहे का?

सगळ्यांना तयार माणूस हवाय, तयार करायला कुणी तयार नाही. जर्मनीत शिकाऊ उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम करतो, बाकीचे दिवस शाळेत शिकतो. रीतसर करार असतो, दोन ते साडेतीन वर्षं चालतं आणि दर महिन्याला पैसे मिळतात. म्हणजे शिकवता येतं. खर्च करायची आणि थोड्या चुका सोसायची तयारी लागते, एवढंच. आज माझी मुलाखत घेणाऱ्यांना त्यांच्या पहिल्या दिवशी कुणीतरी शेजारी बसवून दाखवलंच असेल ना? मग आमची पाळी आली की दार का लावता?

एका ओळखीच्या ताईंनी सल्ला दिला की बायोडेटामधून ते दुकानाचं काढून टाक, बरं दिसत नाही. नाही काढणार. परवा पुन्हा मुलाखत आहे, आणि ती दोन वर्षं मी सगळ्यात वर लिहिली आहेत.