उपाध्यक्षपदाचा उमेदवार कसा निवडावा

आपण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आहात असे घटकाभर गृहीत धरू. वयाची बहात्तरी गाठत आली आहे, व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे युद्धकैदी म्हणून काढली आहेत, सिनेटमध्ये दोन दशकांहून अधिक काळ गेला आहे, त्वचेच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाल्या आहेत, आणि आपल्याच पक्षाचे मावळते राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश इतके अप्रिय झाले आहेत की अधिवेशनाच्या वेळी वादळ आल्यामुळे त्यांचे भाषण पडद्यावर उरकले गेले, तरी त्याचे पक्षात कोणाला फारसे दुःख होणार नाही. समोर बराक ओबामा हा ४७ वर्षांचा डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी आहे. २८ ऑगस्ट २००८ च्या रात्री डेन्व्हरच्या मैदानात त्याला ऐकायला ८० हजारांवर माणसे लोटली. दुसऱ्या दिवशी आपला वाढदिवस आहे आणि त्याच दिवशी आपल्याला सहउमेदवाराचे नाव जाहीर करायचे आहे. अशा प्रसंगी काय करावे, याचा वस्तुपाठ २००८ चे रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी घालून दिलेला असल्यामुळे आपण फार डोके चालवण्याचे कारण नाही.

पहिली पायरी म्हणजे जी माणसे पदाला योग्य आहेत, ती आधी यादीतून काढून टाकणे. जो लीबरमन हे मॅकेन यांचे जिवलग मित्र. २००० मध्ये ते याच पदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाकडून लढलेले. त्यांना सोबत घेतले असते, तर पक्षभेद ओलांडणारा नेता ही मॅकेन यांची ख्याती खरी ठरली असती. परंतु गर्भपाताच्या प्रश्नावर लीबरमन यांचे मत रिपब्लिकन पक्षाच्या कट्टर मतदाराला पचणारे नव्हते, आणि अधिवेशनातच बंड होईल असे सल्लागारांनी बजावले. पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर टॉम रिज यांची अडचण तीच. मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर मिट रॉम्नी यांच्याशी पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या प्राथमिक फेऱ्यांत फार कडवटपणा झालेला. मिनेसोटाचे गव्हर्नर टिम पॉलेंटी यांच्यात दोष सापडेना, आणि ज्या माणसात दोषही सापडत नाही त्याची बातमी तरी कशी होणार? येथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी: आपल्याला उपाध्यक्ष नको आहे, आपल्याला तीन दिवस पुरेल असा मथळा हवा आहे. डेन्व्हरची गर्दी दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावरून हटली पाहिजे. ती हटली. २९ ऑगस्टला ओहायोतील डेटन येथे मॅकेन यांच्या शेजारी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन उभ्या राहिल्या, तेव्हा भल्याभल्या वार्ताहरांना आधी त्यांचे नाव शोधावे लागले.

चौकशीचे म्हणाल, तर तिच्यावर फार वेळ दवडू नये. मॅकेन आणि पेलिन यांची एक भेट फेब्रुवारीत गव्हर्नरांच्या संमेलनात झाली होती. त्यानंतर ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात दूरध्वनीवर बोलणे झाले आणि घोषणेच्या आदल्या दिवशी ॲरिझोनातील सेडोनाजवळच्या मॅकेन यांच्या घरी समोरासमोर भेट. संपले. आपल्याकडे एखादा घरमालक विद्यार्थ्याला खोली भाड्याने देताना वडिलांच्या नोकरीपासून रात्री परतण्याच्या वेळेपर्यंत याहून अधिक खोदून विचारतो. पण त्याला आपल्या खोलीची काळजी असते. झाडाझडतीचे काम पाहणारे वकील ए. बी. कल्व्हाहाऊस यांनी या निवडीत जोखीम मोठी आणि फायदाही मोठा असल्याचे मॅकेन यांना सांगितले. ज्या वैमानिकाने आयुष्यभर जोखीमच पत्करली, त्याला हे सांगणे म्हणजे आग्रह करण्यासारखेच होते. पेलिन यांनी सार्वजनिक सुरक्षा खात्याच्या आयुक्ताला पदावरून का दूर केले, याची चौकशी अलास्काच्या विधिमंडळाने त्या घोषणेपूर्वीच हाती घेतली होती. तिचा अहवाल मतदानाला महिना उरला नसताना येईल, हे ओळखायला फार मोठ्या हेरखात्याची गरज नव्हती.

यापुढची पायरी मात्र नाजूक आहे आणि ती साधायला प्रतिभा लागते. आपल्या प्रचाराचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता ते शोधावे आणि निवड अशी करावी की तोच मुद्दा मोडीत निघावा. संपूर्ण उन्हाळाभर मॅकेन यांचे म्हणणे एकच होते: बराक ओबामा यांना अनुभव नाही, ते सिनेटमध्ये आले २००५ मध्ये, जग धोक्याचे आहे, आणि अशा वेळी देश शिकाऊ माणसाच्या हाती देऊ नये. म्हणणे वाजवी होते आणि लोकांना पटतही होते. त्यानंतर मॅकेन यांनी अशा व्यक्तीला निवडले, जिची गव्हर्नरपदाची कारकीर्द दोन वर्षांचीही नव्हती, जी त्याआधी वसिला नावाच्या काही हजार वस्तीच्या गावाची महापौर होती, आणि जिने आदल्याच वर्षी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता. विरोधकांनी काही लाख डॉलर खर्चून जे साधले नसते, ते एका सकाळी फुकटात झाले. यात पेलिन यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. अलास्कात त्यांनी आपल्याच पक्षातील जुन्या धेंडांशी लढून सत्ता मिळवली होती, तेल कंपन्यांवरचा कर वाढवून दाखवला होता आणि तेथील जनतेत त्यांची लोकप्रियता घवघवीत होती. आणखी चार-सहा वर्षे त्यांना कोणी हात लावला नसता, तर कदाचित त्या खरोखरच तयार झाल्या असत्या. परंतु मथळ्याला चार-सहा वर्षे थांबता येत नाही.

डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीत ओबामांकडून झालेल्या हिलरी क्लिंटन यांच्या पराभवाने नाराज झालेल्या स्त्रिया आता आपल्याकडे धावत येतील, असेही अवश्य गृहीत धरावे. डेटनच्या भाषणात पेलिन यांनी हिलरींना मिळालेल्या १ कोटी ८० लाख मतांचा आदराने उल्लेख केला. या मतदार स्त्रिया गर्भपाताचा हक्क, आरोग्यविमा असल्या किरकोळ गोष्टींसाठी हिलरींच्या मागे उभ्या नव्हत्या, त्यांना केवळ कोणीतरी स्त्री हवी होती, असा हा हिशेब. स्त्रियांचा इतका सन्मान करणारा हिशेब मांडायला सहसा पुरुषांचीच समिती लागते.

यानंतर एक सुखाचा काळ येईल, तो मनसोक्त उपभोगावा. ३ सप्टेंबरला सेंट पॉल येथील अधिवेशनात पेलिन यांनी केलेले भाषण खणखणीत होते. सभागृह उसळले, कोट्यवधी लोकांनी ते घरी बसून पाहिले, आणि पुढच्या काही दिवसांत गॅलपच्या जनमत पाहणीत मॅकेन पुढेही गेले. निधन पावलेल्या प्रचारात जीव आला, हे शत्रूही नाकारणार नाही. नेमक्या याच वेळी आपल्या सहउमेदवाराला पत्रकारांपासून दूर ठेवावे, म्हणजे जी पहिली मुलाखत होईल तिच्याकडे देश परीक्षेचा निकाल पाहावा तसा पाहील. एबीसी वाहिनीवर चार्ल्स गिब्सन यांनी धोका प्रत्यक्ष येण्याआधीच हल्ला करण्याच्या बुश यांच्या धोरणसूत्राविषयी विचारले, तेव्हा पेलिन यांनी ‘कोणत्या दृष्टीने?’ असा प्रतिप्रश्न केला. अलास्कातील एका बेटावरून रशियाची भूमी दिसते, असेही त्या म्हणाल्या. हे शंभर टक्के खरे आहे. बेरिंगच्या सामुद्रधुनीतील दोन डायोमीड बेटांमध्ये, म्हणजे एक अमेरिकेचे आणि एक रशियाचे, जेमतेम चार किलोमीटर अंतर आहे. मात्र बेट दिसणे हा परराष्ट्रधोरणाचा अनुभव कसा, एवढेच काय ते सांगायचे राहिले. टीना फे या विनोदी अभिनेत्रीने त्यांची नक्कल करताना रशिया आपल्या घरातूनच दिसतो असे म्हटले, आणि आजही अनेकांना ते वाक्य पेलिन यांचेच वाटते. पुढे सीबीएसच्या केटी कुरिक यांनी आपण कोणती वर्तमानपत्रे आणि नियतकालिके वाचता असा प्रश्न केला. यात सापळा कुठेही नव्हता. गावातल्या साप्ताहिकाचे नाव घेतले असते तरी भागले असते. उत्तर आले की, समोर येतील ती सगळी.

याच सुमारास, म्हणजे १५ सप्टेंबरला, लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. त्या दिवशी आपण अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम असल्याचे सांगावे, नऊ दिवसांनी पाया खचल्यामुळे प्रचार थांबवत असल्याचे सांगावे, आणि मग पुन्हा प्रचाराला लागावे. पक्षाने सहउमेदवाराच्या व कुटुंबाच्या कपड्यांवर सुमारे दीड लाख डॉलर खर्च केल्याची बातमी येण्यासाठी ऑक्टोबर २००८ सारखा मुहूर्त नाही. लोकांच्या नोकऱ्या आणि घरे जात असताना असल्या बातम्या विशेष आवडीने वाचल्या जातात. घरोघरी मुले सांभाळणारी साधी आई म्हणून जिला उभे केले, तिला अधिवेशनासाठी मिनियापोलिसच्या उंची दुकानात कोणी नेले, याची जबाबदारी शेवटपर्यंत एकाही सल्लागाराने घेऊ नये.

या सगळ्या गडबडीत एक प्रश्न चुकूनही कोणाच्या मनात येऊ देऊ नये, तो असा की उपाध्यक्ष करतो काय. तो त्या हंगामात एकाच व्यक्तीने उघडपणे विचारला होता. निवड होण्याच्या काही आठवडे आधी, जुलैत, एका वाहिनीवर बोलताना पेलिन यांनी म्हटले होते की, उपाध्यक्ष दिवसभर नेमके काय करतो हे कोणी सांगेपर्यंत या पदाविषयी आपण काही बोलू शकत नाही. लोक हसले. वास्तविक पहिले उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांनीही या पदाला मानवी कल्पनेने निर्माण केलेले सर्वांत क्षुल्लक पद म्हटले होते. सिनेटचे अध्यक्षपद भूषवणे आणि मते समसमान पडल्यास आपले मत देणे, एवढे काम राज्यघटनेने नेमून दिले आहे. उरलेले काम म्हणजे वाट पाहणे, आणि ती वाट नऊ उपाध्यक्षांच्या बाबतीत व्हाइट हाऊसपर्यंत पोहोचली. आठ जण पूर्वसुरींच्या मृत्यूमुळे आणि एक राजीनाम्यामुळे राष्ट्राध्यक्ष झाले. उमेदवार ७२ वर्षांचा आणि कर्करोगातून उठलेला असताना हा हिशेब पेलिन यांच्यापेक्षा त्याने स्वतः करायचा होता. त्याच्या पक्षाचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी तो केला आणि ऑक्टोबरात ओबामांना पाठिंबा दिला.

निकाल निर्वाचक मतांत ३६५ विरुद्ध १७३ असा ओबामांच्या बाजूने लागला. मंदी आणि बुश यांचा वारसा पाहता लीबरमन सोबत असते तरी मॅकेन जिंकले असते असे मला वाटत नाही, पण पराभवाचेही प्रकार असतात. पश्चात्ताप करायचाच असेल, तर तो सावकाश करावा: मॅकेन यांनी दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, आपण लीबरमन यांनाच निवडायला हवे होते असे लिहिले, आणि तेव्हाही पेलिन यांना बोल लावला नाही. पेलिन यांनी २००९ च्या जुलैत मुदत संपण्यापूर्वीच गव्हर्नरपद सोडले. मग दूरचित्रवाणी, व्याख्याने, दिल्लीतील एका परिषदेचे व्यासपीठ, असा व्याप वाढत गेला. २०१० मध्ये मॅकेन यांच्या सिनेटच्या उमेदवारीसाठी त्या ॲरिझोनात प्रचाराला गेल्या, ही कृतज्ञता नोंदवलीच पाहिजे. जुलै २०१५ मध्ये आयोवातील एम्स या गावी डोनाल्ड ट्रम्प यांनी मॅकेन यांच्या कैदेची चेष्टा करून आपल्याला न पकडली गेलेली माणसे आवडतात असे सांगितले. त्यानंतर सहा महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, त्याच एम्समध्ये पेलिन ट्रम्प यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी ट्रम्प यांना आपला पाठिंबा जाहीर केला. त्या संध्याकाळी आपण टीव्ही लावू नये.