यंदा वस्तू नकोत

यंदा नाताळला कोणी कोणाला वस्तू द्यायची नाही, असा ठराव आमच्या घरात पास झाला. मांडला मुलीने. ती कॉलेजात पर्यावरण शिकते, त्यामुळे तिचा शब्द म्हणजे हरित लवादाचा निकाल. पुरावा म्हणून तिने शोकेसकडे बोट दाखवलं. त्यात कॉफीचे मग आहेत, आमच्याकडे कॉफी कोणी पीत नाही. फोटोफ्रेमा आहेत, त्यांत अजून दुकानातून आलेलं गोरं जोडपंच हसतंय. धाकट्याचा तर समज आहे की ते आपले कॅनडातले नातेवाईक.

"काहीतरी अर्थपूर्ण द्या," मुलगी म्हणाली. "वेळ द्या, सोबत द्या."

बायकोने लगेच अनुमोदन दिलं. माझा वेळ तिला स्वतःला नको असतो. मी रविवारी घरात असलो की ती मला बाजारात पिटाळते. पण तो इतरांना वाटायला तिची हरकत नव्हती.

वस्तूंना नावं ठेवणं सोपं आहे. पण वस्तूचा एक मोठा गुण कोणी बोलून दाखवत नाही: ती देऊन पळता येतं. पिशवी हातात दिली, 'हॅपी ख्रिसमस' म्हटलं, करंजीचा तुकडा मोडला, चपला घातल्या, पुढचं घर. अख्खी आळी जेवणाआधी उरकते. आणि ही पद्धत काही मी काढलेली नाही. मायराचे बिशप संत निकोलस, ज्यांचा पुढे सांताक्लॉज झाला, त्यांनी चौथ्या शतकात एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी सोन्याच्या थैल्या दिल्या, अशी आख्यायिका आहे. दिल्या म्हणजे काय, तर रात्री खिडकीतून आत टाकल्या आणि पसार झाले. आत बसून 'मग, स्थळं कशी काय येताहेत?' असं विचारलं नाही. बाळ येशूला बघायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक तर सोनं, ऊद आणि गंधरस ठेवून परत गेले ते दुसऱ्याच वाटेने. बायबलमधला मत्तय म्हणतो, बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजामुळे. असेलही. पण बाळंतिणीच्या घरी पाहुण्याने किती वेळ बसावं हे त्यांना कळत होतं, एवढं नक्की. प्रवचनात दरवर्षी कौतुक होतं ते मात्र रिकाम्या हाताने आलेल्या मेंढपाळांचं.

यादीत पहिली सिस्टर आत्या. तिने दारिद्र्याचं व्रत घेतलंय, त्यामुळे तिला दिलेली शाल आठवड्याभरात मठातल्या दुसऱ्या कोणा आजारी सिस्टरच्या खांद्यावर दिसते. स्वतः आत्या मात्र या बिनवस्तूंच्या व्यवहारात मुरलेली. दर नाताळला तिचं कार्ड येतं, आध्यात्मिक पुष्पगुच्छ म्हणून: तुझ्यासाठी मिस्सा (चर्चमधली उपासना) इतक्या, रोझरी (माळेवरचा जप) इतक्या, लहानसहान त्याग इतके. यंदा मीही तसंच कार्ड केलं. शालीचे पैसे वाचल्याच्या आनंदात हात जरा सैल सुटला आणि पन्नास रोझरी लिहून मोकळा झालो. कार्ड पोस्टात पडल्यावर बायको म्हणाली, "त्या म्हणायच्याही असतात ना?"

एका रोझरीत दहा-दहा प्रार्थनांचे पाच गट. मी त्या सकाळच्या विरार लोकलमध्ये बोटांवर मोजतो. वसईला मी कसाबसा आत शिरतो, तोवर विरारपासून बसून आलेलं भजनी मंडळ रंगात आलेलं असतं. चौथ्या गटाला टाळ सुरू झाले की माझी मरियामाता आणि त्यांचा विठोबा एका तालात येतात, मोजणी कोलमडते, आणि भाईंदरपासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आत्याचं खातं ईस्टरपर्यंत चुकतं होईल अशी चिन्हं नाहीत.

मामांच्या नावाने मिस्सा अर्पण केली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं, त्याची उपकारस्तुती. आता मिस्सेच्या सुरुवातीला हेतू, म्हणजे मिस्सा कोणासाठी आणि कशासाठी ते, वाचतात तेव्हा यादीत बहुतेक मंडळी मयत असतात. मामांच्या आधी तिघे मयत, नंतर दोघे मयत, आणि 'उपकारस्तुती' हा शब्द नेमका माइकच्या खरखरीत गेला. मामा स्वतः तिसऱ्या बाकावर बसले होते, पण मागच्यांना दिसणार कसे? दुपारपर्यंत नंदाखाल, निर्मळ, आगाशी, सगळीकडून फोन. एकाने मामींना दबक्या आवाजात विचारलं, "कधी गेले?" मामी म्हणाल्या, "आत्ताच. कोंबडी आणायला." संध्याकाळी मामा स्वतःच फोन उचलून लोकांचं सांत्वन करत होते.

काकांना वेळ दिला. एक अख्खी दुपार. त्यांनी चष्मा पुसला आणि कपाटावरून सातबाराची फाईल उतरवली. फाईल काकूंच्या जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेली, गाठ अशी की ती सोडवण्यातच पाऊण तास गेला. आत सातबारा होतेच, शिवाय आजोबांच्या हातची केळीची वही. राजेळीचे घड किती, सुकेळी किती. पिकलेली केळी सोलून उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करायची, सकाळी परत पसरायची, ढग दिसले की घरातल्या यच्चयावत पोरांनी धावायचं. ते ऐकायला मला खरंच आवडलं. वहीच्या एका पानाला अजून चिकट डाग आहे, त्याला काकांनी मला बोट लावायला लावलं. पण मग विहिरीच्या पाण्याची पाळी आली, मग बांध, मग बांधावरचा आंबा, मग त्या आंब्यावरून बोलणं बंद झालेले चुलते. चार वाजता मी चपलांकडे नजर टाकली. काका म्हणाले, "बस रे, अर्थपूर्ण चाललंय." फाईल अजून निम्मी राहिली आहे. बाकीची हप्त्याने, दर रविवारी.

मुलीने आजीला हाताने रंगवलेली कुपनं दिली: पाय चेपणे, मोबाईल शिकवणे, न चिडता ऐकणे. आजीने रेशनच्या दिवसांत संसार केलाय, कुपन केव्हा वापरायचं हे तिला कोणी शिकवायला नको. पाय चेपून घेणं तिने दोन दिवसांत संपवलं. 'न चिडता ऐकणे' मात्र बटव्यात जपून ठेवलं आणि नाताळच्या जेवणाला सगळं गणगोत जमल्यावर ते टेबलावर, केकच्या बशीशेजारी, उघडून ठेवलं. मग नातीच्या लग्नाचा विषय काढला.

मला काय मिळालं? वहिनी आल्या, हातात काही नाही. म्हणाल्या, "भाऊजी, यंदा वस्तू नाहीत ना, म्हणून मी तुम्हाला माफ केलं."

मी "थँक्यू वहिनी" म्हणालो. कोणी काही दिलं की आपण म्हणतोच. रात्री अंथरुणावर पडल्यावर प्रश्न पडला: कशाबद्दल? आणि हे त्यांना विचारायची सोय नाही. विचारलं, तर यांना आठवतही नाही, हा नवा गुन्हा. बायकोने मदत म्हणून दिवा लावून यादीच करायला घेतली. त्यांच्या सोरपोतेलला, म्हणजे डुकराच्या मटणाला, मी 'छान' म्हणालो होतो, 'फारच छान' नाही. घराच्या वाटणीत पाटा-वरवंटा आमच्याकडे आला. त्यांच्या भावाच्या लग्नात मी केक कापण्याआधीच निघालो, कारण शेवटची एसटी. एकेक कलम तिने इतक्या पटापट सांगितलं की मला तिचीही शंका येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी ती वहिनींकडे जाऊन आडून आडून चौकशी करून आली. यादीतलं एकही कारण नव्हतं. केक कापायच्या आधी मी निघालो होतो हे मात्र वहिनींना तेव्हाच कळलं. त्याची माफी पुढच्या नाताळला मिळणार आहे.